संगणकाचे बिऱ्हाड हलवताना

प्रस्तावना

घर बदलण्याचा अनुभव तुमच्यापैकी अनेकांनी घेतला असेल. सामान बांधायचे, गाडीत भरायचे, नव्या घरी उतरवायचे. एवढे झाले की काम संपले असे आपल्याला वाटते. परंतु नव्या घरी पहिली रात्र काढली की काय काय मागे राहिले ते एकेक करून कळू लागते. गॅसची जोडणी नाही, नव्या पत्त्याची कागदपत्रे नाहीत, पोस्टमनला आपण इथे आलो हे ठाऊकच नाही. भांडीकुंडी आली, पण घर अजून चालू झालेले नाही.

संगणकाचेही असेच आहे. जुनी हार्ड डिस्क थकली म्हणून नवी डिस्क आणली, तर सर्व फाइली तीत उतरवल्या की संगणक चालू होईल असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. ते का होत नाही, आणि मग काय करावे, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यावर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

- संगणक सुरू होताना कोणत्या क्रमाने काय घडते ते सांगता येईल.
- फाइली उतरवणे आणि कार्यप्रणाली हलवणे यांतील फरक स्पष्ट करता येईल.
- हे काम करताना कोणती दक्षता घ्यावी व का घ्यावी ते सकारण लिहिता येईल.
- एखादी तांत्रिक कृती क्रमाने व सोप्या भाषेत समजावून सांगता येईल.

मूळ पाठ

एका टंकलेखन केंद्राची गोष्ट

असे समजा, की इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद अशा एखाद्या शहरातील मराठी वस्तीत एक लहानसे टंकलेखन केंद्र आहे. लग्नपत्रिका, अर्ज, मंडळाचे वार्षिक अहवाल, वाचनालयाची ग्रंथयादी अशी कामे तेथे गेली पंधरा वर्षे एकाच संगणकावर होत आली आहेत. आता तो संगणक सकाळी सुरू केला की चहा पिऊन होईपर्यंत पडद्यावर काही दिसत नाही. एखादी फाइल उघडायला सांगितली की आतून घरघर ऐकू येते, आणि गिऱ्हाईक ताटकळत उभे राहते.

दुरुस्ती करणारा येतो व म्हणतो, "हार्ड डिस्क बदला. नवी टाकून देतो, विंडोज नव्याने भरून देतो." मालक विचारतो, "आणि माझी कामे?" उत्तर मिळते, "फाइली कॉपी करून घ्या की!"

येथेच खरा प्रश्न सुरू होतो. जुन्या फाइलींतील मराठी मजकूर युनिकोडच्या प्रसारापूर्वीच्या पद्धतीने टाइप केलेला आहे. त्या पद्धतीत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी अक्षरांचे आकार बसवलेले असत. तो विशिष्ट फाँट संगणकात असेल तोपर्यंत मजकूर मराठीत दिसतो. फाँट नसेल तर त्याच फाइलीत रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक भेळ दिसते. शिवाय ते जुने पॅकेज बसवण्याची सीडी हरवलेली आहे, छपाईयंत्राची जुळणी कोणी केली ते आठवत नाही. म्हणजे केवळ फाइली नव्हे, तर त्या फाइलींना अर्थ देणारी सर्व व्यवस्थाच नव्या जागी न्यायला हवी. हे काम नीट झाले तर पंधरा वर्षांची मेहनत पुढे चालू राहील. घाईने झाले तर ती एका दुपारी नाहीशी होऊ शकेल.

डिस्क म्हणजे काय?

१९५६ साली आयबीएम या कंपनीने पहिली चुंबकीय हार्ड डिस्क असलेला संगणक विक्रीस आणला. त्या डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, आणि एवढा मोठा संसार मांडूनही तीत सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज नखाएवढ्या कार्डावर त्याच्या हजारो पट मजकूर मावतो. परंतु हार्ड डिस्कचे मूळ तत्त्व मात्र तेच राहिले आहे. चकती फिरत असते, तिच्यावर सूक्ष्म अंतर राखून एक शीर्ष सरकते, आणि चकतीवरील चुंबकीय खुणा वाचते किंवा लिहिते.

या फिरण्यातच विलंबाचे मूळ आहे. साधी हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती खूण शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद, वाट पाहावी लागते. त्यात शीर्ष योग्य वर्तुळापर्यंत सरकण्याचा वेळ मिळवला, की एका जागेवरून मजकूर मिळण्यास दहा-बारा मिलिसेकंद सहज जातात. संगणक सुरू होताना हजारो लहान लहान फाइली वाचाव्या लागतात. प्रत्येक वेळी हा विलंब होतो, आणि थेंबे थेंबे तळे साचते.

नव्या प्रकारच्या डिस्कला एसएसडी म्हणतात. तीत चकती नाही, शीर्ष नाही, फिरणारा कोणताही भाग नाही. मजकूर विद्युतभाराच्या रूपात सूक्ष्म कोशांत साठवलेला असतो. कोणत्याही कोशापर्यंत पोहोचण्यास मिलिसेकंदाचा लहानसा अंश पुरतो. म्हणूनच जुन्या संगणकात इतर काहीही न बदलता केवळ एसएसडी बसवली, तरी तो लक्षणीय वेगाने सुरू होतो.

संगणक जागा कसा होतो?

फाइली उतरवून का भागत नाही, हे समजण्यासाठी संगणक सुरू होताना काय घडते ते पाहिले पाहिजे.

कळ दाबल्यावर संगणकाला काहीच आठवत नसते. त्याच्या मदरबोर्डवरील एका लहानशा चिपमध्ये मोजक्या सूचना कायमच्या लिहून ठेवलेल्या असतात. जुन्या संगणकांत या सूचनासंचाला बायोस म्हणतात; अलीकडच्या संगणकांत त्याची जागा यूईएफआय या सुधारित संचाने घेतली आहे. हा संच प्रथम कळफलक, स्मृती, डिस्क इत्यादी भाग जागेवर आहेत की नाहीत ते तपासतो. मग, 'आता पुढचे कोण सांगणार?' याचा शोध घेतो.

जुन्या पद्धतीत हा शोध डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या कप्प्यापाशी थांबतो. या कप्प्यात आरंभाच्या सूचना व डिस्कच्या विभागांचा तक्ता असतो. नव्या पद्धतीत डिस्कवर आरंभासाठी एक छोटासा स्वतंत्र विभाग राखून ठेवलेला असतो आणि तेथे आरंभक कार्यक्रमाची फाइल असते. हा आरंभक पुढे कार्यप्रणाली कोणत्या विभागात आहे ते शोधतो, तिचा गाभा स्मृतीत आणतो आणि सूत्रे तिच्या हाती सोपवतो. त्यानंतरच पडद्यावर आपल्या ओळखीचे चित्र दिसते.

आता आपण आपल्या फोल्डरांच्या यादीत पाहिले तर तो पहिला कप्पा तेथे दिसत नाही. तो आरंभविभागही सहसा लपवलेला असतो. जे दिसत नाही ते आपण माउसने ओढून नव्या डिस्कवर नेणार कसे? दुसरी अडचण अशी, की कार्यप्रणाली चालू असताना तिच्या अनेक फाइली वापरात असतात, आणि त्यांची साधी नक्कल ती करू देत नाही. चालत्या बैलगाडीचे चाक बदलता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. तिसरी अडचण ओळखीची. प्रत्येक विभागाला एक ओळखक्रमांक असतो आणि आरंभक त्या क्रमांकावरून कार्यप्रणालीचा पत्ता शोधतो. नव्या डिस्कवरील विभागाचा क्रमांक वेगळा असेल, तर फाइली सर्व असूनही पत्ता चुकतो.

सारांश, फाइली म्हणजे घरातील सामान. आरंभाचा कप्पा, विभागांचा तक्ता व ओळखक्रमांक म्हणजे घराचा दरवाजा, नकाशा व पत्ता. बिऱ्हाड हलवायचे तर चारही गोष्टी न्याव्या लागतात.

तीन मार्ग

नव्या डिस्कवर जाण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग नव्याने मांडणी करण्याचा. नव्या डिस्कवर कार्यप्रणाली पुन्हा बसवायची, मग एकेक पॅकेज बसवायचे आणि शेवटी फाइली आणायच्या. हा मार्ग स्वच्छ आहे. वर्षानुवर्षे साचलेला केरकचरा मागे राहतो. संगणकात विषाणू शिरला असेल तर हाच मार्ग योग्य होय. कारण हुबेहूब नक्कल केली तर विषाणूचीही हुबेहूब नक्कल होते. परंतु जुनी पॅकेजे पुन्हा मिळत नसतील तर हा मार्ग बंद होतो.

दुसरा मार्ग प्रतिकृतीचा. जुनी व नवी डिस्क एकाच वेळी जोडून एकीवरचे सर्व काही दुसरीवर जसेच्या तसे उतरवायचे. आपल्या टंकलेखन केंद्रासाठी हाच मार्ग सोयीचा आहे.

तिसरा मार्ग प्रतिमेचा. जुन्या डिस्कची संपूर्ण प्रत एका मोठ्या फाइलीच्या रूपात तिसऱ्या डिस्कवर ठेवायची आणि ती नंतर नव्या डिस्कवर उलगडायची. संगणकात दुसरी डिस्क जोडण्यास जागा नसेल, किंवा ही प्रत पुढेही जपून ठेवायची असेल, तेव्हा हा मार्ग उपयोगी पडतो.

निघण्यापूर्वीची तयारी

प्रत्यक्ष कामापेक्षा तयारीला अधिक वेळ द्यावा. ती पुढील क्रमाने करावी.

१. जुन्या डिस्कची प्रकृती पाहा. डिस्क आपल्या दोषांची नोंद स्वतःच ठेवत असते आणि ती नोंद दाखवणारे विनामूल्य कार्यक्रम मिळतात. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर ती केव्हाही बंद पडू शकते असे समजावे. अशा वेळी इतर सर्व बेत बाजूला ठेवून सर्वांत मोलाच्या फाइली प्रथम बाहेर काढाव्यात.

२. तिसरी प्रत करा. जुनी डिस्क ही एक प्रत, नवी डिस्क ही दुसरी. परंतु काम चालू असताना या दोन्ही एकाच संगणकाला जोडलेल्या असतात, आणि एकच चूक दोहोंना भोवू शकते. म्हणून महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी आणि ती डिस्क संगणकापासून वेगळी करून ठेवावी. ही प्रत दुसऱ्या संगणकावर लावून चार-दोन फाइली उघडून पाहाव्यात. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे.

३. डिस्क योग्य मापाची घ्या. नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी असावी. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. निर्माते १ गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट असा हिशोब करतात. विंडोज मात्र १,०२४ च्या पटीत मोजते. त्यामुळे वेष्टनावर ५०० गिगाबाइट लिहिलेली डिस्क पडद्यावर सुमारे ४६५ दिसते आणि १ टेराबाइटची डिस्क सुमारे ९३१ गिगाबाइट दिसते. दुकानदाराने फसवले असे समजू नये. माप वेगळे आहे.

४. जोडणी तपासा. साध्या मेजावरील संगणकात बहुधा साटा प्रकारची डिस्क लागते. तिला माहितीची एक अरुंद पट्टी व विजेची एक रुंद पट्टी जोडतात. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये २२ मिलिमीटर रुंदीची, च्युइंगमच्या पट्टीसारखी दिसणारी एम-टू डिस्क बसते. परंतु एम-टू खाचेतही दोन प्रकार आहेत. काही खाचांत साटा पद्धतीची, काहींत एनव्हीएमई पद्धतीची, तर काहींत दोन्ही चालतात. संगणकाच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच खरेदी करावी.

५. कुलूप असेल तर उघडा. काही संगणकांत डिस्कवरील मजकूर सांकेतिक रूपात कुलूपबंद केलेला असतो. विंडोजमध्ये या सोयीला बिटलॉकर म्हणतात आणि तिची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली असते. ती आधी कागदावर उतरवून घ्यावी आणि काम होईपर्यंत कुलूप काढून ठेवावे. किल्ली हरवली तर मजकूर निर्मात्यालाही परत मिळवून देता येत नाही.

६. विजेची सोय करा. नक्कल चालू असताना वीज गेली तर नव्या डिस्कवर अर्धवट मजकूर राहतो आणि काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. यूपीएस असेल तर तो जोडावा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवावा.

प्रत्यक्ष स्थलांतर

कार्यप्रणाली झोपलेली असताना तिची नक्कल करणे सर्वांत सुरक्षित. यासाठी संगणक पेन ड्राइव्हवरील वेगळ्या छोट्या प्रणालीने सुरू करतात. तैवानमधील राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात विकसित झालेला क्लोनझिला हा अशा कामाचा एक मुक्त व विनामूल्य कार्यक्रम आहे. विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणालींसाठी तो चालतो. तो डिस्कवरील वापरलेली जागा ओळखतो व तेवढीच उतरवतो. त्यामुळे रिकाम्या जागेची नक्कल करण्यात वेळ जात नाही.

प्रथम विंडोज पूर्णपणे बंद करावी. विंडोजमध्ये लवकर सुरू होण्याची एक सोय असते. ती चालू असेल तर 'बंद' केल्यावरही प्रणाली अर्धवट झोपेत राहते. शिफ्टची कळ दाबून ठेवून बंद करण्याची आज्ञा दिल्यास ती पूर्ण बंद होते. मग नवी डिस्क जोडावी, पेन ड्राइव्ह लावावा आणि संगणक त्यावरून सुरू करावा.

आता कार्यक्रम दोन प्रश्न विचारतो : कोठून न्यायचे, आणि कोठे न्यायचे? सर्व कामातील सर्वांत मोठा धोका या दोन प्रश्नांत आहे. ज्या डिस्कला आपण 'कोठे' म्हणून निवडतो तिच्यावरील सर्व मजकूर पुसला जातो. उत्तरांची अदलाबदल झाली तर रिकाम्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर होते. पंधरा वर्षांच्या कामाच्या जागी कोरी पाटी राहते.

पडद्यावर डिस्कची नावे 'एसडीए', 'एसडीबी' अशी दिसतात. या नावांवर विसंबू नये. ती जोडणीच्या क्रमाप्रमाणे बदलू शकतात. डिस्कच्या वेष्टनावरील निर्मात्याचे नाव, क्षमता व अनुक्रमांक आधीच कागदावर लिहून घ्यावेत आणि पडद्यावरील नोंदीशी ताडून पाहावेत. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या व एकाच क्षमतेच्या असतील तर अनुक्रमांक हाच एकमेव खात्रीचा पुरावा होय. शक्य असल्यास जवळच्या कोणाला तरी तो क्रमांक मोठ्याने वाचून दाखवावा. क्लोनझिला पुढे जाण्यापूर्वी एकापेक्षा अधिक वेळा संमती मागते. ही संमती सवयीने देऊ नये. प्रत्येक वेळी वाचून द्यावी.

वेळ किती लागेल? समजा, वापरलेली जागा १८० गिगाबाइट आहे. जुन्या यूएसबी २.० जोडणीतून सेकंदाला सुमारे ३५ मेगाबाइट जातात असे धरले, तर जवळजवळ दीड तास लागेल. वेगवान जोडणीतून सेकंदाला १०० मेगाबाइट जात असतील तर तेच काम अर्ध्या तासात होईल. या काळात संगणकाला हात लावू नये.

नव्या घरातील पहिली सकाळ

नक्कल पूर्ण झाल्यावर संगणक बंद करावा, विजेची जोडणी काढावी आणि जुनी डिस्क बाहेर काढून ठेवावी. पहिल्या वेळी केवळ नवी डिस्क लावूनच संगणक सुरू करावा. याची दोन कारणे आहेत. एक, नक्कल हुबेहूब असल्यामुळे दोन्ही डिस्कचे ओळखक्रमांक सारखेच असतात आणि दोन्ही जोडलेल्या असतील तर प्रणालीचा गोंधळ उडतो. विंडोज अशा वेळी दोहोंपैकी एक डिस्क वापराबाहेर ठेवते. दुसरे, दोन्ही लावून सुरू झालेला संगणक कोणत्या डिस्कवरून चालला आहे हे आपल्याला कळत नाही. आपण नव्या घरात राहतो आहोत असे समजून जुन्याच घरात वावरत असतो.

संगणक सुरू झाला नाही तरी घाबरू नये. बहुतेक वेळा मूळ सूचनासंचातील आरंभक्रम बदलायचा राहिलेला असतो. तेथे नव्या डिस्कला पहिले स्थान द्यावे. तरीही न जमल्यास विंडोज बसवण्याच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून आरंभदुरुस्तीची सोय वापरावी. ती हरवलेली आरंभक फाइल पुन्हा तयार करू शकते. आणि हे सर्व फसले, तर जुनी डिस्क परत लावावी. तिच्यावरील काहीही आपण बदललेले नाही, त्यामुळे संगणक पूर्वीसारखाच सुरू होईल. हातचे सोडून पळत्याच्या मागे लागू नये म्हणतात, ते येथे अक्षरशः खरे आहे.

संगणक सुरू झाला की एक एक गोष्ट तपासावी. जुनी मराठी फाइल उघडून अक्षरे नीट दिसतात का? छपाईयंत्र कागद देते का? सर्व फोल्डर जागेवर आहेत का? नवी डिस्क मोठी असेल तर उरलेली जागा बिनवापराची दिसेल. ती विभागात मिळवून घ्यावी.

जुन्या डिस्कचे काय?

नवे घर मार्गी लागले की जुन्याची किल्ली लगेच परत करू नये. जुनी डिस्क किमान दोन-तीन आठवडे तशीच बाजूला ठेवावी. रोजची सर्व कामे या काळात एकदा तरी होऊन जातात, आणि काही राहून गेले असेल तर ते कळते.

त्यानंतर ती विकायची किंवा कोणाला द्यायची असेल, तर नुसत्या फाइली खोडून देऊ नये. फाइल खोडली म्हणजे पुष्कळदा यादीतील तिचे नावच काय ते जाते. मजकूर जागेवर राहतो आणि जाणकार मनुष्य तो परत काढू शकतो. टंकलेखन केंद्राच्या डिस्कवर गिऱ्हाइकांचे अर्ज, पत्ते व ओळखपत्रांच्या प्रती असतात. लोकांनी विश्वासाने दिलेली ही माहिती आहे. म्हणून चुंबकीय डिस्कच्या प्रत्येक कप्प्यावर नवा मजकूर लिहून ती पूर्णपणे पुसावी. डिस्क बिघडलेली असेल तर ती मोडून टाकावी.

शेवटी एक मर्यादाही सांगितली पाहिजे. डिस्क बदलल्याने संगणक वेगवान होतो, परंतु कार्यप्रणाली नवी होत नाही. जी आवृत्ती जुन्या डिस्कवर होती तीच नव्या डिस्कवर येते. उदाहरणार्थ, विंडोज १० या प्रणालीसाठी असलेला निर्मात्याचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशी प्रणाली हुबेहूब हलवली तर तिच्यातील सुरक्षेची उणीवही सोबत येते. अशा वेळी संगणक पेलत असेल तर नवी आवृत्ती घ्यावी, किंवा लिनक्ससारखी मुक्त प्रणाली स्वीकारावी. ते शक्य नसेल, तर जुन्या फाइलींपुरता तो संगणक इंटरनेटपासून दूर ठेवावा. सवड मिळेल तशा जुन्या मराठी फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात, म्हणजे पुढच्या स्थलांतराच्या वेळी त्या कोणत्याही एका संगणकाच्या किंवा फाँटच्या आश्रित राहणार नाहीत.

आपण काय शिकलो?

- संगणक सुरू होण्यासाठी फाइलींबरोबरच आरंभाचा कप्पा, विभागांचा तक्ता व ओळखक्रमांक यांची आवश्यकता असते.
- नव्या डिस्कवर जाण्याचे नवी मांडणी, प्रतिकृती व प्रतिमा असे तीन मार्ग आहेत. परिस्थितीनुसार मार्ग निवडावा.
- वेगळी ठेवलेली व तपासलेली तिसरी प्रत असल्याशिवाय काम सुरू करू नये.
- 'कोठून' व 'कोठे' या दोन प्रश्नांची उत्तरे अनुक्रमांक ताडून द्यावीत.
- जुनी डिस्क काही काळ जपून ठेवावी व नंतर पूर्णपणे पुसूनच हातावेगळी करावी.

शब्दार्थ

बिऱ्हाड – संसार, राहण्याची व्यवस्था
कार्यप्रणाली – संगणकाची सर्व कामे चालवणारी मूळ व्यवस्था
आरंभक – कार्यप्रणालीला स्मृतीत आणणारा छोटा कार्यक्रम
प्रतिकृती – हुबेहूब नक्कल
ताडून पाहणे – दोन गोष्टी जुळतात की नाही ते तपासणे
मार्गी लागणे – घडी बसणे, सुरळीत होणे

स्वाध्याय

१. 'फाइली म्हणजे घरातील सामान' या तुलनेतून लेखकाला काय सुचवायचे आहे? तुमच्या शब्दांत लिहा.
२. पहिल्या वेळी केवळ नवी डिस्क लावून संगणक सुरू करावा असे का सांगितले आहे? दोन कारणे द्या.
३. 'न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे.' या विधानाचा अर्थ तुमच्या व्यवहारातील एखादे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. जुनी डिस्क विकण्यापूर्वी ती पूर्णपणे पुसणे ही केवळ तांत्रिक बाब नसून नैतिक जबाबदारीही आहे. चर्चा करा.
५. तुम्हांला येत असलेले कोणतेही एक काम (शिवणयंत्रात दोरा ओवणे, सायकलचे पंक्चर काढणे, कलम बांधणे इत्यादी) ते न येणाऱ्या व्यक्तीला समजेल अशा रीतीने, प्रत्येक पायरीचे कारण देऊन, क्रमवार लिहा.